चेसीवरचे टाके

आत्या,

तुझ्या दुखवट्याचं पत्रक बाबांनी स्वतः जुळवलं. छापखान्यात दुसऱ्या कुणाला अक्षरांच्या खिळ्यांना हात लावू दिला नाही. तुझं नाव, तुझी नर्सची नोकरी, नायगाव-बिलोलीकडच्या दवाखान्यांतली वर्षं, धम्मावरची निष्ठा, सगळं काळ्या चौकटीत नीट बसवलं. पहिली प्रत माझ्या हातात दिली तेव्हा शाई ओली होती. मी वाचलं आणि म्हटलं, "बाबा, जीप राहिली."

"दुखवट्यात गाडी घालत न्हाईत, मित्रा पोरी," ते म्हणाले, आणि पाठ फिरवून रूळ पुसत बसले.

मग मी भांडले नाही. ते तुझे धाकटे भाऊ, त्यांचं त्यांना रडू द्यावं म्हटलं. पण जे राहिलं ते कुणीतरी लिहायला पाहिजे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिही पत्रकबाई, पण आखूड लिही. लोकायला वाचायला येळ न्हाई." आखूड होणार नाही, आत्या.

जीप अंगणात लिंबाखाली उभी आहे. मागं टाकी तशीच बांधलेली, रिकामी. त्या सकाळी तू ती भरायला उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. तेव्हापासून माळावरच्या वस्तीला पाणी गेलं नाही. सरकारी टँकर ओढ्याच्या अलीकडं थांबतो, पलीकडचा चढ त्याला चढत नाही. वस्तीतल्या बायका पुन्हा ओढा उतरून येतात आणि त्या पोचेपर्यंत टँकरच्या तळाशी गढूळ तेवढं उरलेलं असतं. घरात सगळे माझ्याकडं बघतात. ही गाडी चालवायला तू फक्त मला शिकवलंस. आणि या गाडीनं वस्तीला पाणी नेऊ नये, हे या घरात सगळ्यात मोठ्या आवाजात मीच सांगत आले. सभेत सांगितलं. छापून सांगितलं.

ते आजही मला चूक वाटत नाही. तेवढं आधी सांगते, म्हणजे तू गेल्यावर मी तुझं सगळंच मान्य केलं असं तुला वाटायला नको.

जीप घरी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. तू नांदेडला गेलीस ती चुलतबहिणीला भेटायला, आणि परत आलीस ती धूर सोडत, पदर खोचून, स्टिअरिंगला चिकटून बसलेली. निकामी सरकारी गाड्यांचा लिलाव होता म्हणालीस. सगळी गल्ली गोळा झाली. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"आक्का, ही धक्क्याबिगर चालू व्हत न्हाई."

"तू तरी कुठं व्हतोस? तुला बी चहा लागतोच की."

मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलंस की ती तुझ्याच दवाखान्याची जीप आहे. याच सीटवर बसून तू वाडीवस्तीवरच्या अडलेल्या बाया आणल्या होत्यास. ड्रायव्हर रजेवर गेला की बाई मरू द्यायची का, म्हणून तू त्याच्याकडूनच गाडी शिकलीस. एक बाळ तर मागच्या फळीवरच जन्मलं. "हिला भंगारात कशी जाऊ देऊ गं? हिनं माझ्यासंगं नोकरी केलीया." नोकरी संपल्यावर तुला घड्याळ मिळालं होतं आणि शाल मिळाली होती. ती दोन्ही पेटीत पडून राहिली. वापरलीस ती जीप.

आपलं पहिलं मोठं भांडण पेढ्यावरून झालं. आपला तालुका उस्मानाबादेतून निघून नव्या लातूर जिल्ह्यात गेला, त्या दिवशी तू गल्लीभर पेढे वाटत फिरलीस. मी छापखान्यात ट्रेडलवर, पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर होते. माझं पत्रक निघत होतं: 'जिल्हा नवा, तहान जुनी.' तू पेढा पुढं केलास. मी हात मागं घेतला.

"पाट्या बदलल्यात आत्या, दुसरं काय बदललंय?"

"इथली आडलेली बाई घेऊन उस्मानाबादेला निघालं की अर्ध्या रस्त्यात तिचे डोळे फिरायचे," तू म्हणालीस. "आता लातूर जवळ आलं. मला तेवढ्याचा आनंद हाय. तुझा बदल येईल तवा त्याचे बी वाटीन. मोठे वाटीन."

पेढा तू ट्रेडलच्या कडेवर ठेवून गेलीस. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी संपवला. तू बघितलंस आणि म्हणालीस, "बघ, मुंग्यायला पत्रक वाचता येत न्हाई म्हणून बऱ्या."

मग पाऊस गेला. एका साली गेला, दुसऱ्या साली गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले तेव्हा तू जीपच्या मागच्या सीटा काढल्यास, लोखंडी टाकी बांधलीस आणि आपल्या मळ्यातल्या विहिरीवरून माळावरच्या वस्तीला पाणी न्यायला लागलीस. ती विहीर एवढी एकच आटली नव्हती. वस्तीत सगळ्या जातींची पाचोळ्यासारखी उडून आलेली घरं, सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही. त्यांना कुणी विचारत नव्हतं, म्हणून तू विचारलंस. तेवढं साधं होतं तुझं.

मला ते साधं वाटत नव्हतं. अंगणात तू टाकीचे दोर आवळत होतीस आणि मी तुझ्यामागं फिरत बोलत होते. रस्ता करणं सरकारचं काम, पाणी पोचवणं सरकारचं काम. तू नेतेस म्हणून त्यांचं भागतं. तुझी गाडी एक दिवस बंद राहू दे, सगळी वस्ती कचेरीच्या दारात येऊन बसेल. तू तहान भागवत नाहीस आत्या, तू राग भागवतेस.

तू दोराची गाठ मारलीस, ओढून बघितलीस, आणि विचारलंस, "आन कचेरीत येऊस्तोवर काय पितील?"

मी म्हटलं, "हा प्रश्न तू त्यांना विचार, मला नको."

"त्यायलाच तर रोज जाऊन विचारून राहिले."

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं, 'दान नको, हक्क हवा'. नाव घेतलं नव्हतं, पण लाल जीप आपल्या तालुक्यात एकच होती. बाबांनी मजकूर जुळवताना दोनदा चष्मा काढला आणि पुसला. सकाळी गठ्ठा जागेवर नव्हता. मला वाटलं तू जाळलास. दुपारी मी वस्तीवर गेले तर तू टाकीपाशी उभी. एका हातात नळी, एका काखेत माझा गठ्ठा.

"आधी हंडा भरा, मग हे घ्या," तू ओरडून सांगत होतीस. "माझ्या भाचीनं मला शिव्या घातल्यात ह्याच्यात. चांगल्या घातल्यात, वाचून घ्या कुणाकून तरी."

वस्तीतली म्हातारी सोजरबाई, तिला वाचता येत नाही. तिनं माझ्या पत्रकाची घडी केली, चुंबळीत खोवली आणि त्यावर हंडा ठेवला. माझ्याकडं बघून म्हणाली, "घे, डोस्क्यावर घेतलं बघ तुझं."

तू इतकी हसलीस की नळी निसटली आणि हातभर पाणी मातीत गेलं. मग तूच स्वतःला शिवी दिलीस.

आता गाडीला पडलेल्या चिरेचं सांगते. ओढ्याचा चढ चढताना एक दिवस गाडीखालून कर्र असा आवाज आला. मी शेजारी बसले होते, पत्रकं मांडीवर. तू लगेच गाडी थांबवलीस, जमिनीवर आडवी झालीस आणि खाली सरकलीस. नुसते पाय बाहेर, नर्सच्या पांढऱ्या चपला. बऱ्याच वेळानं आवाज आला, "मित्रे, माझी पिशवी दे."

पिशवीतून जांभळं औषध काढलंस, तेच जे आम्हा पोरांच्या गुडघ्यांना लावायचीस. चेसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लांब दांड्यावर, मागच्या कमानपाट्याच्या वर, ते फासलंस आणि मिनिटभरानं फडक्यानं पुसलंस. सगळं पुसलं गेलं, एक बारीक जांभळी रेघ तेवढी राहिली. लोखंडाच्या आत औषध शिरलं होतं. उजव्या दांड्याला चीर होती. डाव्या दांड्याला तिची सुरुवात होती.

"फ्रॅक्चर हाय," तू म्हणालीस, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं.

टाकीच्या वजनानं ते होणारच होतं. दांड्यांना दोन्ही बाजूंनी जाड पट्टी वेल्ड करून मारायला हवी होती. ते सगळ्यांना माहीत होतं. पण वेल्डर कुठून आणायचा? दुष्काळात गावोगाव टाक्या आणि टँकर बनत होते, वेल्डरांना जेवायला सवड नव्हती. बाजारातला एक जण म्हणाला, मशीन घेऊन जा, माणूस मिळणार न्हाई. मी मनातल्या मनात खूश झाले. म्हटलं, आता गाडी उभी राहणार, आता मोर्चा निघणार. तू हातगाड्यावर मशीन घालून घरी आणलीस.

"कोण करणार?" मी विचारलं.

"मी टाके घालते की. माणसाला घातले, गाडीला घालीन."

वीज शेजारच्या रसूलभाईंच्या पिठाच्या गिरणीतून घेतली, कारण तीन तारांची लाईन फक्त तिथं होती. गिरणी चालू असली की मशीन चालत नाही, मशीन लावली की गिरणी बंद. त्यामुळं डबे घेऊन आलेल्या सगळ्या बायका आपल्या अंगणाच्या भिंतीवर ओळीनं बसल्या. रसूलभाई दारात उभे राहून म्हणाले, "बाई, आराम से. लाईन जल गई तो सारा गाव भाकरीबिना राहील."

"तुमची गिरणी माझ्यावर सोपवा, रसूलभाई."

"वही तो डर हाय ना!"

पट्ट्यांसाठी लोखंड तू भंगारातून आणलंस. रस्त्यावरची जुनी पाटी उतरली होती, उस्मानाबाद जिल्हा लिहिलेली, कारण आता तिथं लातूरची लागली होती. पाटीचा पत्रा पातळ, तो तू सोडून दिलास, पण तिच्या पायांची पट्टी बोटाएवढी जाड होती. तिच्यावर जुन्या पिवळ्या रंगाचे पट्टे अजून होते. तू ती माझ्यापुढं धरलीस. "तूच म्हणलीस ना, पाट्या बदलल्या, दुसरं काय बदललं? घे. हे कामाला आलं."

ऑपरेशनच्या आधी असते तशी तुझी तयारी होती. आधी पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार टोकाला. बॅटरीच्या तारा काढल्या. दांड्यावरचा गंज आणि रंग घासून घासून लोखंड पांढरं केलंस, "केस काढल्याबिगर टाका घालत न्हाईत." चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलंस, म्हणजे ती पुढं पळणार नाही. पट्टीची टोकं चौकोनी ठेवली नाहीस, तिरपी कापलीस. मी विचारलं का, तर म्हणालीस, "मोडल्या हाडाला बांधायची खपच्ची चौकोनी असली की कातडीला रुतते. लोखंडाला बी रुतत असंल." याला कुठल्या पुस्तकाचा आधार होता मला माहीत नाही. तुलाही नव्हतं.

सुरुवातीला भंगाराच्या तुकड्यावर सराव केलास. वेल्डिंगचा रॉड चिकटायचा, तू त्याला हाताने हलवून सोडवायचीस, पुन्हा चिकटायचा. भिंतीवरून सल्ले येत होते. "बाई, जोरात दाबू नका." "बाई, लांबून धरा." एकीलाही वेल्डिंग येत नव्हतं. हळूहळू आवाज बदलला. चरचर थांबून तव्यावर तेल तापल्यासारखा एकसारखा आवाज यायला लागला. तू डोळ्यांपुढची काळी काच बाजूला करून माझ्याकडं बघितलंस, तोंडभर काजळी.

"आला गं हात."

मी पट्टी धरून होते. मला एका दमात वरपासून खालपर्यंत सलग वेल्ड हवं होतं. म्हटलं, करायचं तर पुरं कर, मधे मधे जागा काय सोडतेस? तू ऐकलं नाहीस. आधी मधला टाका, मग वरच्या टोकाचा, मग खालच्या टोकाचा, मग दुसऱ्या दांड्यावर जाऊन तिथला मधला. एका जागी सलग ताप दिला तर दांडा वाकेल, म्हणालीस. जखमही एका टोकाकडून शिवत गेलं की दुसऱ्या टोकाला कातडी गोळा होते. आपण दोघी गाडीखाली उताण्या पडून यावर भांडत होतो, ठिणग्या अंगावर पडत होत्या, आणि भिंतीवरची एक बाई दुसरीला म्हणाली, "जिवंत राहिल्या तर पीठ मिळंल."

आणि मग तू ती चूक केलीस. आत्या, ती चूक या जगात तूच करू शकली असतीस.

उजव्या दांड्याचा शेवटचा टाका बसला होता, लाल रसरशीत. तू बाहेर सरकून काच खाली ठेवलीस, त्याच्याकडं बघितलंस आणि तुझा चेहरा एकदम दवाखान्यातला झाला. "भाजलंय गं लई," म्हणालीस. जन्मभर तू सगळ्यांना एकच सांगत आलीस: भाजलं की आधी गार पाणी, मग बाकीचं. तुझा हात आपोआप मागं गेला. सावलीतली घागर उचललीस आणि सगळी त्या टाक्यावर ओतलीस.

वाफ उठली. वाफेतून टण्ण असा आवाज आला.

भिंतीवरच्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. मग एक बाई अक्षरशः कळवळून ओरडली, "अगं बाई! प्यायचं पाणी लोखंडाला पाजून राहिल्या!" दुसरी म्हणाली, "आमी घोट घोट मोजतो आन ही बाई आंघोळ घालती गाडीला!" रसूलभाईंनी कपाळावर हात मारला.

तू जांभळं औषध मागितलंस. फासलंस, पुसलंस. टाक्याच्या मधोमध केसाएवढी रेघ.

मला वाटलं आता तू चिडशील. तू मागं टेकलीस, पदरानं तोंड पुसलंस, आणि हसायला लागलीस. इतकी की तुझ्याबरोबर ती भिंतही हसायला लागली. "निदान चुकलं," तू म्हणालीस. "मला वाटलं भाजलंय. भाजलं नव्हतं, ताप होता. ताप एकदम उतरवायचा नसतो. पेशंट दगावतो."

तो टाका घासून काढावा लागला. दुसऱ्यांदा घातलास तेव्हा तू भिंतीवरच्या बायकांना म्हणालीस, "चुलीतली राख आणा." घागरीसाठी ओरडणाऱ्या त्याच बायका पदरात राख घेऊन धावल्या. तू गरम टाक्याभोवती राख थापलीस, गोणपाट गुंडाळलंस आणि त्याला तसंच निजू दिलंस. सकाळी औषध लावलं. काही उरलं नाही, स्वच्छ.

मी मात्र त्या रात्री आंधळी झाले होते. तुझ्या खांद्यावरून मी काचेशिवाय त्या उजेडाकडं बघत बसले होते. डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं. तू बटाट्याच्या चकत्या कापून माझ्या डोळ्यांवर ठेवल्यास, आणि उशाशी बसून राहिलीस. "एवढी मोठी क्रांतिकारक," म्हणालीस, "आन पहिल्या ठिणगीलाच डोळे गेले." तुझा हात कपाळावर होता. लोखंडाचा आणि डेटॉलचा वास येत होता. त्याच्याइतका सुरक्षित वास मला दुसरा माहीत नाही.

तू गेलीस त्या दिवशी मी रडले नाही. लोकांना ते दिसलं, काहींनी बोलूनही दाखवलं. पण डोळ्यांत तशीच वाळू होती, आत्या, आणि चकत्या ठेवणारं कुणी नव्हतं.

त्या चुकीनंतर आपल्या भांडणाला नवा शब्द मिळाला. मी नवं पत्रक वाचून दाखवलं की तू मान हलवायचीस, "निदान चुकतंय पत्रकबाई. तुला वाटतं समाजाला भाजलंय, ओत घागर, झालं. ह्यो ताप हाय. जुना हाय. हळूहळू उतरवावा लागतो, न्हाईतर टण्ण." मी म्हणायची, हळूहळू, हळूहळू करत पिढ्या गेल्या. तू म्हणायचीस, म्हणून का दांडा तोडायचा? मला तुझा राग यायचा, आणि त्या रागातच मी तुझ्या शेजारी बसून वस्तीवर जायची, कारण गाडी चालवताना तू जास्त चांगली भांडायचीस.

शेवटच्या संध्याकाळी तू गाडीच्या पुढच्या दांडीवर बसून चहा पीत होतीस. मी मोर्चाचं ठरवून आले होते, सांगायला लागले. तू ऐकून घेतलंस आणि तेच म्हणालीस, ताप आणि भाजणं. मला उत्तर सुचत होतं, अगदी ओठावर होतं, पण नीट जुळत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या सांगते." तू म्हणालीस, "सांग की. मी कुठं पळून चालले?"

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता, पुढचं आज लिहितेय. काल तुझा जलदान विधी झाला. फोटोपुढं पाण्याचं भांडं, मेणबत्त्या, सगळ्यांनी पांढरे कपडे घातलेले. वंदना चालू असताना फाटकाशी आवाज झाला. वस्तीतली माणसं आली होती. ओढा उतरून, एवढ्या उन्हातून चालत. सोजरबाई सगळ्यात पुढं. आणि आत्या, प्रत्येकाच्या हातात झाकलेला तांब्या होता. कुणाचा अर्धा, कुणाचा पाऊण.

"जलदानाला आलोत," सोजरबाई म्हणाली. "मोकळ्या हातानं कसं यावं?"

ज्या बायका गढूळ पाण्यासाठी टँकरमागं धावतात त्यांनी ते आणलं होतं. बाबांना पुढचं वाचता येईना. विधी कसाबसा पुरा झाला. मग ते तांबे तसेच राहिले, आणि कुणालाच कळेना, या पाण्याचं करायचं काय. ते परत द्यायचं म्हणजे अपमान. फेकायचं म्हणजे पाप, आणि हा शब्द मी सहसा वापरत नाही. बाबा म्हणाले, लिंबाला घालू.

"झाडाला कामून?" सोजरबाई म्हणाली. "तिच्या गाडीला पाजा. लई तहानायची ती. वर चढली की आधी गाडी पाणी मागायची, मंग आमी."

खरंच होतं ते. चढ चढून गेलं की तू आधी रेडिएटरचं झाकण उघडायचीस.

मी झाकण उघडलं. एकेकानं येऊन आपला तांब्या रिकामा केला. धार बारीक, एक थेंब बाहेर सांडला नाही. वरपर्यंत भरला. मी आत बसले. ती चालू झाली नाही, होणारच नव्हती. मग पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं मागं गेली. बाबा, वस्तीतले लोक, गिरणी बंद करून आलेले रसूलभाई. "हाव, दम लावा!" कुणीतरी ओरडलं, आणि त्यांनी धक्का दिला. फाटकापर्यंत नुसतीच ढकलली, कोपऱ्यावर धूर सोडून चालू झाली.

मळ्यात टाकी भरली. सोजरबाई शेजारी बसली, बाकीचे टाकीला धरून मागं. ओढ्यात उतरले तेव्हा माझा सगळा जीव कानात होता. चढावर मागचा उजवा दांडा, तुझा दुसरा टाका, जुन्या जिल्ह्याची पट्टी. काही आवाज आला नाही. वर पोचल्यावर मी खाली सरकले आणि बघितलं. राखेचा एक करडा कण अजून टाक्याच्या खोबणीत होता.

हंडे भरताना मला ते उत्तर जुळलं. "उद्या सांगते" म्हटलं होतं, ते उशिरा सांगतेय.

लोखंडाच्या बाबतीत तुझं दुसरं निदान बरोबर होतं, तो ताप होता. पण वस्तीच्या बाबतीत माझं बरोबर आहे, आत्या. ते भाजणंच आहे. जुनं असलं म्हणून त्याचा ताप होत नाही, जाळ अजून चालू आहे. आणि भाजल्यावर काय करायचं हे तूच जन्मभर सांगत आलीस: आधी गार पाणी, मग बाकीचं. बाकीचं म्हणजे जाळ विझवणं. तू पहिलं करायचीस, मी दुसरं, आणि आपण एकमेकींना चूक म्हणत एकाच गाडीत बसायचो. आता शेजारची सीट रिकामी आहे, तर दोन्ही मलाच करायला पाहिजे. सकाळची खेप मी नेणार. वस्तीपर्यंत रस्ता होईपर्यंत नेणार. आणि रस्त्यासाठी मोर्चाही मीच काढणार, नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीवर. मोर्चाच्या पुढं ही जीप असेल, टाकी भरलेली, म्हणजे "काय पितील?" हा तुझा प्रश्न तुला विचारता येणार नाही.

पेढ्याचं तेवढं राहिलं. रस्ता झाला की मी वाटीन. मोठे वाटीन. तुझा ट्रेडलच्या कडेवर ठेवीन, मुंग्यांना सांगून.

आज दुपारी मोर्चाचं पत्रक छापखान्यात दिलं. बाबा खिळे जुळवत होते. मी मागून डोकावले. पहिल्याच ओळीत त्यांनी एक शब्द माझ्या कागदावर नसताना घातला होता, सगळ्यात मोठ्या टायपात.

मी म्हटलं, "बाबा, हे मी लिहिलं नव्हतं."

"राहिली होती ना," ते म्हणाले. "जीप."